पेटीवादकाचे स्थान : गोविंदराव टेंबे यांची कारकीर्द

'पेटी' हा मराठीतील सामान्य शब्द; कपड्यांची, दागिन्यांची अथवा औजारांची पेटी असा त्याचा व्यवहार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच शब्दाला एक नवा अर्थ चिकटला, आणि कसबा पेठेतील गणेशोत्सवाच्या मेळ्यापासून राजदरबारच्या मैफलीपर्यंत 'पेटी' म्हणजे हार्मोनियम, हे सांगावे लागेनासे झाले. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबाँ याने १८४० च्या सुमारास सिद्ध केलेले हे वाद्य मराठी माणसाने घरच्या नावाने स्वीकारले. वाद्य असे घरचे झाले. परंतु ते वाजविणाऱ्याचे स्थान कोणते, हा प्रश्न मात्र अनिर्णीत राहिला. गोविंद सदाशिव टेंबे (१८८१–१९५५) यांची कारकीर्द हे त्या प्रश्नाचे एक उत्तर होय.

कोल्हापूरच्या परिसरात वाढलेले टेंबे भास्करबुवा बखले यांचे साथीदार म्हणून नावारूपास आले. साथीदाराचे काम गायकाच्या मागोमाग जाण्याचे. गायकाची जागा ओळखावी, ती उचलावी, आणि त्याच्या पुढे जाऊ नये, हा तेथील दंडक. या कामातून जो कान तयार होतो तो रचनाकाराचाही असू शकतो. तथापि साथीच्या बैठकीवर बसून ते सिद्ध करण्यास वाव नसतो.

तो वाव रंगभूमीने दिला. किर्लोस्करांच्या परंपरेत नाटककार रूढ चाल निवडून तिच्यावर पद बांधीत असे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकासाठी मात्र चाली देण्याचे काम टेंब्यांकडे आले. किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी ते रंगभूमीवर आणले तेव्हा ठुमरी, कजरी यांसारख्या उत्तरेकडील गानप्रकारांचे वळण मराठी पदात उतरलेले प्रेक्षकांनी ऐकले. बालगंधर्वांचा कंठ आणि टेंब्यांची चाल यांचा तो संयोग होता. लोकस्मृतीत मात्र कंठच ठळक राहिला.

यानंतरचा त्यांचा प्रवास वरवर पाहता अस्थिर वाटतो. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. थोड्याच काळात ते तेथून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. पुढे बोलपट आला. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. या स्थलांतरांस चंचलपणा म्हणणे सोपे आहे. परंतु क्रम पाहिला तर प्रत्येक टप्प्यावर ते साथीदाराच्या बैठकीपासून एकेक पाऊल दूर जाताना दिसतात : प्रथम रचनाकार, मग भागीदार, मग मालक, आणि अखेर पडद्यावरचा नायक.

वाद्याची प्रतिष्ठा मात्र याच काळात उतरणीस लागली. हार्मोनियमचे स्वर ठरीव असतात. त्यावर मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद साधत नाहीत, हा आक्षेप निराधार नव्हता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून वगळले, आणि ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. ज्या पेटीवर टेंब्यांची कीर्ती उभी होती तिलाच परकी ठरविले जात होते. भाषेने जो शब्द केव्हाच आपला केला होता, त्याच्या वस्तूला नागरिकत्व नाकारले गेले, ही विसंगती लक्षणीय आहे.

टेंब्यांनी याच सुमारास लेखणी हाती घेतली. 'माझा संगीत-व्यासंग' (१९३९) आणि 'माझा जीवनविहार' (१९४८) या ग्रंथांमुळे त्यांच्या पिढीच्या संगीतजीवनाचा वृत्तांत एका वादकाच्या बाजूने आपणास उपलब्ध झाला. आपल्या संगीतेतिहासात घराणी गायकांच्या नावे मोजली जातात. ज्यांच्या सुरांच्या आधारावर ती उभी राहिली त्या असंख्य साथीदारांची नावेही उरली नाहीत. टेंबे या विस्मृतीतून वाचले. त्यांच्या वादनातील कौशल्य याला कारण आहेच. परंतु कौशल्य असलेले इतरही होते. टेंब्यांनी चाल दिली, मंडळी काढली आणि शेवटी स्वतःच लिहिले. ज्यांनी लिहिले नाही, त्यांचा इतिहास कोणत्या साधनांनी उभारावयाचा, हा प्रश्न त्यांच्या कारकीर्दीने अभ्यासकांपुढे ठेवला आहे.