कुणाच्या घरची पट्टी?

दिवाळीची झाडलोट निघाली, की आमच्याकडची गणेशपट्टी पुसण्याचे काम माझ्याकडे येते. पट्टी सागवानी आहे. मध्ये गणपती आणि दोन्ही बाजूंना वेलबुट्टी. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मोडक्या पंख्यांच्या ढिगाशेजारी ती मला सापडली. भाव करताना मी तिच्याकडे मुद्दामच फारसे पाहिले नाही. डोळ्यांतली हाव दिसली असती, तर दुकानदाराने किंमत चढवली असती. घरी आणून ती बाहेरच्या दारावर बसवली आणि आल्यागेल्याच्या कौतुकाने महिनाभर फुगून राहिलो.

मग चौऱ्याऐंशी वर्षांची आजी राहायला आली. उंबऱ्यापाशी थांबून तिने मान वर केली आणि विचारले, "कुणाच्या घरची रे ही?"

मला उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न आजीला का सुचला, हे मला ठाऊक होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. आजी तेव्हा विशीतली, नारायण पेठेत नुकतीच नांदायला आलेली. वाड्याचे जोते दगडी, पण वरच्या भिंती कच्च्या विटांच्या. त्या गुळासारख्या विरघळल्या. उरले ते खांब, तुळया आणि चौकटी. पुढे संसार उभा करायचा म्हणून तेही विकले गेले. आपले दार कुणाच्या घरी गेले, हे तिला कधीच कळले नाही.

जुन्या वाड्यांच्या लाकडाचे हे असेच होत आले आहे. खाचा आणि खुंट्यांनी जोडलेला सांगाडा सुटा करता येतो आणि सागवान पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पुराने पाडले नाहीत, ते अनेक वाडे पुढे सदनिकांसाठी पाडले गेले. लाकूड वाचले, घराचे नाव मात्र मातीत गेले.

मोडत्या घरांतल्या वस्तूंना पुन्हा घर देणारा एक गृहस्थ याच पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे केळकर चष्म्यांचे दुकान चालवीत. १९२० च्या सुमारास त्यांना संग्रहाचा नाद लागला. तोही तलवारी आणि सिंहासनांचा नव्हे! अडकित्ते, समया, कुलपे, दौती, पाय घासायच्या वज्र्या, कोरीव दारे. ज्याला लोक अडगळ म्हणत, ते त्यांनी गोळा केले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. वस्तूंची संख्या वीस हजारांवर गेली. बालवयात गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही तिथे आणून मांडले आहेत. तो महाल आता कोथरुडात नाही. पण ती लाकडे कुणाच्या महालाची, हे शाळेतले पोरही सांगते.

केळकरांच्या आणि माझ्या खरेदीत फरक होता तो एवढाच. त्यांनी वस्तूबरोबर तिची आठवणही घरी आणली. मी नुसती शोभा आणली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बाजारात गेलो. दुकानदार हसला. "मास्तर, पैसे परत मिळायचे नाहीत!" पैसे नकोत, पत्ता हवा, असे सांगितल्यावर तो डोके खाजवू लागला. शेवटी एवढेच आठवले : सदाशिव पेठेतला दुमजली वाडा, अंगणात पारिजातक, आणि पट्टी काढताना दारात रडत उभी असलेली एक म्हातारी. आडनाव त्याला ठाऊक नव्हते.

तेवढे मी कागदावर लिहिले आणि कागद पट्टीच्या मागे चिकटवला. आजीला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प बसली.

"लक्ष्मीपूजनाला एक पणती दारात जास्त ठेव," ती म्हणाली. "त्यांच्या नावची."

तेव्हापासून आमच्या दारात एक पणती जास्त असते.