कोलकात्यातील इंग्रजी व्याकरणाची वाटचाल

1774 साली कोलकात्यात सुप्रीम कोर्ट सुरू झाले आणि इंग्रजी जाणणाऱ्या माणसाला शहरात भाव आला. तेव्हाचे इंग्रजी शिक्षण शब्दांपुरते होते. ज्याला जास्त शब्द पाठ, तो मोठा विद्वान. वाक्यरचनेकडे फारसे कोणी पाहत नसे, असे शिवनाथ शास्त्री यांनी ‘रामतनु लाहिडी ओ तत्कालीन बंगसमाज’ (1904) या ग्रंथात नोंदवले आहे.

20 जानेवारी 1817 रोजी हिंदू कॉलेज उघडले. त्याच वर्षी कलकत्ता स्कूल बुक सोसायटी स्थापन झाली आणि छापील पाठ्यपुस्तकांचे युग सुरू झाले. त्या काळच्या इंग्रजी व्याकरणावर लिंडली मरे याच्या 1795च्या पुस्तकाची छाप होती. मरेने क्रियापदाचे पाच अर्थ (मूड) मानले. ‘मे’, ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ ही सहायक क्रियापदे त्याने शक्यार्थात घातली. ‘टू’ लागणाऱ्या रूपाला स्वतंत्र अर्थ मानले. ‘सम’, ‘एनी’, ‘वन’ यांना अनिश्चित सर्वनामांत बसवले. ‘सी’, ‘हिअर’, ‘मेक’, ‘लेट’ यांच्यापुढे ‘टू’ येत नाही, हाही नियम त्यात होता. प्रत्येक शब्दाची जात ओळखायला विद्यार्थी शिकला. कोणत्या क्रियापदामागे कोणती रचना जोडायची, याचे उत्तर मात्र त्याला क्वचितच मिळे.

खरी अडचण तिथेच होती. बंगालीत ‘आमि चाइ जे शे जाक’ म्हणतात. मराठीत ‘त्याने जावे असे मला वाटते’ म्हणतात. दोन्हीकडे इच्छेचा विषय पूर्ण वाक्याने सांगितला जातो. इंग्रजीत ‘वाँट’ला असे ‘दॅट’चे उपवाक्य चालत नाही, तिथे ‘आय वाँट हिम टू गो’ असेच म्हणावे लागते. ‘होप’ला मात्र ‘दॅट’ चालते. ‘आय वाँट दॅट ही शुड गो’ हे वाक्य म्हणूनच निष्काळजीपणाचे फळ नव्हे; त्यात स्वभाषेचे तर्कशास्त्र प्रामाणिकपणे पाळलेले असते. अनिश्चित सर्वनामांतही हेच होते. बंगालीतला ‘केउ’ कोणीतरी आणि कोणीही या दोन्ही जागी चालतो आणि नकार क्रियापदाशी येतो. त्यामुळे ‘नोबडी केम’च्या जागी ‘एनीबडी डिड नॉट कम’ लिहिले जाते. मराठी विद्यार्थ्याला ‘कोणीतरी’ आणि ‘कोणीही’ हा भेद घरचाच, पण नकाराच्या बाबतीत तोही तसाच अडखळतो.

1844 पासून सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य मिळू लागले. 1857 मध्ये कलकत्ता विद्यापीठ स्थापन झाले आणि परीक्षेचा दबाव वाढला. प्रेसिडेन्सी कॉलेजातील रो आणि वेब या प्राध्यापकांनी 1874 मध्ये इंग्रजीच्या अभ्यासावर पुस्तक काढले, तेव्हा त्यांनी इथल्या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका समोर ठेवल्या. व्याकरण नियमांपासून सुरू न करता शिकणाऱ्याच्या अडखळण्यापासून सुरू करणे ही मोठी पायरी होती, जरी त्या चुकांकडे पाहण्याची दृष्टी साहेबाचीच होती. पुढे नेसफील्डच्या व्याकरणमालेने ‘दॅट’च्या उपवाक्याला नामवाक्य म्हणून कर्ता, कर्म, पूरक अशा जागा दिल्या आणि ‘टू’च्या रूपाचे नामासारखे व विशेषणासारखे असे प्रकार केले. पृथक्करण व संश्लेषण हे शब्द भारतभरच्या शाळांत रुळले. मुंबईकडे पुढे रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकाला तीच प्रतिष्ठा मिळाली.

रवींद्रनाथांचा मार्ग निराळा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी शांतिनिकेतनच्या मुलांसाठी ‘इंग्रेजी सोपान’ लिहिले आणि 1909 मध्ये ‘इंग्रेजी श्रुतिशिक्षा’. तिच्यात नियम पाठ करण्यापेक्षा कानाने वाक्य ओळखीचे करण्यावर भर आहे. रचना नियम होण्याआधी सवय व्हावी, ही त्यांची पकड अचूक होती. मायकेल वेस्टने बंगालमधील द्विभाषिकतेवर 1926 मध्ये ग्रंथ लिहून वाचनाला अग्रक्रम दिला. हॉर्नबीच्या 1954च्या पुस्तकात मग क्रियापदांच्या रचना क्रमवार मांडल्या गेल्या. ‘वाँट’ कुठे आणि ‘होप’ कुठे, याचे थेट उत्तर तिथे सापडते.

कॉलेज स्ट्रीटच्या दुकानांत मात्र राज्य राहिले पी. के. दे सरकार यांच्या जाड व्याकरण-भाषांतराच्या पुस्तकाचे. नियम, वाक्यांचे रूपांतर आणि बंगालीतून इंग्रजी भाषांतर एकत्र असल्याने शिकवणीवर्गांना ते सोयीचे पडे. मराठी घरांत तर्खडकर भाषांतर पाठमालेला असे स्थान होते. 1980च्या दशकात पश्चिम बंगालने प्राथमिक शाळेतून इंग्रजी काढले आणि वरच्या इयत्तांत संवादावर आधारित पुस्तके आणली. नियमांची घोकंपट्टी त्यांत मागे पडली. सुमारे दीड दशकानंतर इंग्रजी पुन्हा प्राथमिक वर्गांत आणावे लागले. 2000 मध्ये महाराष्ट्रानेही पहिलीपासून इंग्रजी सुरू केले.