ऋणाची नोंद आणि कीर्तीचें माप

शोधनिबंधाच्या तळटीपा सामान्य वाचक सहसा वाचीत नाहीं. बारीक टाइपांत छापलेलीं तीं नांवें, सालें आणि पृष्ठांक त्याला जमाखर्चाच्या वहीसारखे रुक्ष वाटतात. आणि ती खरोखरच एक प्रकारची वही असते. कोणता विचार कोणाकडून घेतला, कोणाच्या प्रयोगावर पुढचा प्रयोग उभारला, कोणाचें मत खोडून काढलें, याची ती कबुली होय. भारतीय भाष्यकारही पूर्वपक्ष मांडतांना पूर्वाचार्यांचीं मतें नमूद करीत. परंतु विसाव्या शतकांत या वहींतील नोंदींची मोजदाद होऊं लागली, आणि ऋणकोंच्या वह्यांवरून धनकोची पत ठरावी, त्याप्रमाणें उल्लेखांच्या बेरजेवरून विद्वानाची किंमत ठरूं लागली. हें कसें घडलें, याचा इतिहास जितका मनोरंजक तितकाच विचार करावयास लावणारा आहे.

शोधावर शोधकाचें नांव लागण्याची व्यवस्था तुलनेनें अलीकडची आहे. सतराव्या शतकांत नवा शोध खाजगी पत्रांतून कळविला जाई. आणि तो चोरीस जाईल या भीतीनें कधीं कधीं अक्षरांची उलटापालट करून कूटांत दडविलाही जाई. गॅलिलिओनें १६१० सालीं शनीविषयींचें आपलें निरीक्षण असेंच दडविलें होतें. १६६५ च्या मार्च महिन्यांत लंडन येथें हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' हें नियतकालिक सुरू केलें, आणि शोधाला छापील नांव व तारीख मिळूं लागली. शोध सर्वांच्या स्वाधीन करावा, आणि मोबदला म्हणून पुढच्यानें शोधकाचें नांव घ्यावें, असा हा व्यवहार होता.

हे उल्लेख पद्धतशीर गोळा करण्याची कल्पना मात्र निघाली वकिलांच्या व्यवसायांत. अमेरिकेंत न्यायालयाचा जुना निकाल पुढील खटल्यांत आधार म्हणून चालतो. पण तो निकाल मध्यंतरीं फिरविला गेला असेल, तर त्याचा आधार घेणारा वकील तोंडघशीं पडतो. १८७३ सालीं शिकागो येथें फ्रँक शेपर्ड यांनीं यावर तोड काढली. कोणत्या निकालाचा उल्लेख पुढें कोणकोणत्या निकालांत आला, हें ते डिंक लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापीत, आणि वकील त्या चिठ्ठ्या आपल्या ग्रंथांच्या समासांत चिकटवीत. तळटीप वाचकाला मागें नेते. शेपर्ड यांची चिठ्ठी त्याला पुढें नेई. येथें संख्येला महत्त्व नव्हतें. शंभर वेळां आधार म्हणून घेतलेला निकाल एकशें एकाव्या वेळीं रद्द झाला, तर त्या शंभरांचा उपयोग काय?

मोजदाद आली ती ग्रंथालयाच्या मर्यादित पैशांमुळें. लहान कॉलेजानें रसायनशास्त्राचीं कोणतीं नियतकालिकें घ्यावींत, हा प्रश्न १९२७ सालीं कॅलिफोर्नियांतील पोमोना कॉलेजच्या ग्रॉस व ग्रॉस या दोघां लेखकांनीं मांडला. प्राध्यापकांच्या आवडीनिवडीवर न विसंबतां त्यांनीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड घेतला, आणि त्यांतील ३,६३३ संदर्भ कोणकोणत्या नियतकालिकांकडे बोट दाखवितात, हें मोजलें. जर्मन नियतकालिकांचा भरणा त्यांत एवढा निघाला कीं, रसायनाच्या विद्यार्थ्याला जर्मन वाचतां येणें किती अगत्याचें आहे, हेंही त्यावरून दिसून आलें. कपाटांत काय ठेवावें, एवढाच तो प्रश्न होता. प्राध्यापकाच्या खुर्चीवर कोणाला बसवावें, हा नव्हता.

वकिलांची सूची आणि ग्रंथपालांची मोजदाद हे दोन धागे एकत्र आणले यूजीन गारफील्ड यांनीं. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत वैद्यकीय वाङ्मयाच्या सूचीकरणाचें काम चालूं होतें, त्यांत ते होते. शेपर्ड यांच्या कंपनींतून निवृत्त झालेले विल्यम अडेअर यांनीं १९५३ सालीं पत्र लिहून त्या वकिली सूचीकडे लक्ष वेधलें. १९५५ सालीं गारफील्ड यांनीं 'सायन्स' या साप्ताहिकांत शास्त्रांसाठीं तशाच सूचीची योजना मांडली. जुना किंवा सदोष निबंध कोणीं आंधळेपणानें उद्धृत करूं नये, त्यावर पुढें झालेली टीका वाचकाच्या हातीं लागावी, हा तिचा एक प्रमुख हेतु होता. फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेनें १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमित प्रसिद्ध केली. १९६१ च्या वाङ्मयावरील तिच्या पांच खंडांत ६१३ नियतकालिकांतील सुमारें १४ लक्ष उल्लेख नोंदलेले होते.

अशा सूचींत कोणतीं नियतकालिकें घ्यावींत, हें ठरविण्यासाठीं गारफील्ड व त्यांचे सहकारी अर्व्हिंग शेर यांनीं एक भागाकार योजिला. एखाद्या नियतकालिकांत मागील दोन वर्षांत आलेल्या निबंधांचे चालू वर्षीं किती उल्लेख झाले तें पाहावें, आणि त्या संख्येला निबंधांच्या संख्येनें भागावें. निबंध २०० आणि उल्लेख ६००, तर उत्तर ३. हाच 'इंपॅक्ट फॅक्टर' किंवा प्रभावांक होय. १९७५ पासून हे अंक दरवर्षीं छापले जाऊं लागले, आणि तें माप ग्रंथपालाच्या हातून निवड समितीच्या हातीं गेलें. उमेदवाराचा निबंध वाचून समजून घेण्यापेक्षां तो कोठें छापला हें पाहणें सोपें असतें. परंतु नियतकालिकाची सरासरी एकट्या निबंधाविषयीं फार थोडें सांगते. नॉर्वेचे पेर सेग्लेन यांनीं १९९२ सालीं आपल्या पाहणींत दाखविलें कीं, निम्मे उल्लेख अवघ्या १५ टक्के निबंधांच्या वांट्याला येतात. आळींत एक घर लक्षाधीशाचें असलें म्हणून सगळ्या आळीला श्रीमंत म्हणण्यासारखेंच हें झालें.

मग व्यक्तीचें स्वतंत्र माप निघालें. २००५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनीं सुचविलें कीं, ज्याच्या २० निबंधांचा प्रत्येकीं निदान २० वेळां उल्लेख झाला, त्याचा अंक २० धरावा. रीत सुटसुटीत आहे. पण ज्यानें आयुष्यांत पांचच निबंध लिहिले, त्याचा अंक पांचावर कधींच जाऊं शकत नाहीं, मग ते पांच युगप्रवर्तक कां असेनात! शिवाय उल्लेख म्हणजे गौरवच असें नाहीं. उल्लेखांच्या संख्येंत ऑलिव्हर लॉरी व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध अग्रगण्य आहे. २०१४ सालीं त्याचे उल्लेख तीन लक्षांवर गेले होते. त्यांत प्रथिनांचें प्रमाण मोजण्याची रीत सांगितली आहे. त्याच वर्षीं 'नेचर' नें प्रसिद्ध केलेल्या पहिल्या शंभरांच्या यादींत डीएनएची दुहेरी मळसूत्री रचना उलगडणारा वॉटसन व क्रिक यांचा १९५३ चा निबंध मात्र नव्हता. प्रयोगशाळेंत रोज लागणारी रीत उपयोगी खरी; तथापि उपयोग आणि महत्त्व हीं एका तराजूंत तोललीं जात नाहींत.

उल्लेख कोणाच्या नांवावर जमा करावा, हा प्रश्न तर याहून बिकट आहे. १९४८ सालीं राल्फ आल्फर या तरुण विद्यार्थ्यानें आपले गुरु जॉर्ज गॅमॉ यांच्यासह मूलद्रव्यांच्या उत्पत्तीवर एक निबंध लिहिला. आल्फा, बीटा, गामा या ग्रीक अक्षरांशीं नांवें जुळावींत, एवढ्या विनोदासाठीं गॅमॉ यांनीं हान्स बेथे यांचें नांव मध्यें घातलें. विनोद गाजला, दोन थोर नांवांच्या सावलींत आपलें श्रेय झांकून जाणार, याचें दुःख आल्फर यांना झालें. २०१५ सालीं हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील एका निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकीं २४ पानें त्यांच्या व त्यांच्या संस्थांच्या नांवांनींच व्यापलीं होतीं.

ज्याच्यापाशीं कीर्ति आहे त्यालाच आणखी श्रेय मिळतें, हा नियम समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनीं १९६८ सालीं मांडला. त्यासाठीं हॅरिएट झुकरमन यांनीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्यांच्या घेतलेल्या मुलाखतींचा त्यांनीं विपुल उपयोग केला होता. निबंधावर मात्र मर्टन यांचें एकट्याचेंच नांव लागलें. तो निबंध दोघांच्या नांवें यावयास हवा होता, हें त्यांनीं पुढें स्वतःच मान्य केलें. श्रेयाच्या अन्यायावरील निबंधांतच तो अन्याय घडून गेला होता!

ही चर्चा परदेशापुरती राहिलेली नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालीं पीएच. डी. चा प्रबंध देण्यापूर्वीं निदान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असावा, असा नियम केला. २०१० सालीं प्राध्यापकांच्या नेमणुकी-बढतीसाठीं निबंधांना गुण आले. मागणी वाढली तशी पैसे घेऊन, न तपासतां निबंध छापणारीं नियतकालिकें बोकाळलीं. विद्यापीठांच्या सूचनेवरून आयोगाच्या मान्य यादींत आलेल्या, पण इतर प्रतिष्ठित सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकीं ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावींत, असा निष्कर्ष २०१८ सालीं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठांतील संशोधकांनीं काढला. त्या वर्षींच्या मे महिन्यांत आयोगानें ४,३०५ नियतकालिकें यादींतून काढून टाकलीं, आणि २०२२ सालीं पीएच. डी. साठींची निबंधाची सक्तीही सोडून दिली.

या हिशेबांत जें मोजलेंच जात नाहीं, त्याची हानि निराळीच आहे. वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. पुढें ती माला २२ खंडांपर्यंत गेली. त्या कागदपत्रांवांचून मराठेशाहीचा इतिहास लिहूं म्हणणाऱ्याचें पाऊल पुढें पडत नाहीं. मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांवर उभारलेल्या सूचीच्या तराजूंत अशा मराठी ग्रंथांचें वजन पडावें कसें? आणि वजन पडत नाहीं असें एकदां कळलें, म्हणजे दप्तरांची धूळ झाडून मोडी कागद वाचीत बसण्याचें काम नव्या अभ्यासकानें कां पत्करावें?

२०१२ च्या डिसेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथें जमलेल्या कांहीं शास्त्रज्ञांनीं व संपादकांनीं एक जाहीरनामा तयार केला, आणि तो पुढील मे महिन्यांत प्रसिद्ध झाला. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून संशोधकाची योग्यता ठरवूं नये. त्याचें काम पाहून ती ठरवावी, हें त्याचें सार आहे. तसें करण्यास वेळ लागतो, जाणकार परीक्षक लागतात, आणि चुकलेल्या निर्णयाची जबाबदारी अंकावर ढकलतां येत नाहीं. उल्लेखांची सूची वाटाड्याचें काम आजही उत्तम करते. कोणता निबंध कोठें वाचावयास मिळेल आणि त्यावर पुढें कोणीं काय म्हटलें, हें ती दाखवून देते. त्यापुढें निबंध उघडून वाचण्याचें काम परीक्षकाचेंच राहतें.