लाखेचा हात
जुन्या लाकडी लाँचच्या केबिनमधलं फडताळ ओलीनं पांढरं पडलं होतं. मी पॉलिश पेपर उचलला, तर मिस्त्रींनी हात धरला. "थांब, लाख आहे ती." पुरचुंडीवर स्पिरिट टिपून त्यांनी हलकेच फिरवली. लाख मऊ झाली, अडकलेली ओल उडाली, डाग गेला.

पळस-कुसुमाच्या फांद्यांवरल्या किड्यांची ही लाख एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याहून युरोपात गेली, फर्निचरवर चढली. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्यांतही आली. १९२४ साली रांचीजवळ नामकुमला तिच्यासाठी संशोधन संस्थाच निघाली.

पॉलियुरेथेन पाण्याला दाद देत नाही, हे खरं. पण झिजलं की खरवडावं लागतं. लाखेचा नवा हात जुन्यात विरघळतो.

शेजारचं दार मात्र मी आधीच घासून टाकलं होतं. त्याचा तांबूसपणा काही परतला नाही.