बूटेबल पेनड्राइव्हची कुळकथा

सुरतेतल्या एम्ब्रॉयडरी कारखान्यात जुन्या मशीनला पेनड्राइव्ह लावला आणि डिझाइनची डीएसटी फाइल पडद्यावर दिसली नाही, तर पहिला संशय घ्यावा तो फॉरमॅटचा. पेनड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटचा असतो आणि मशीनला जुन्या फॅट फॉरमॅटखेरीज दुसरं काही वाचता येत नाही. त्याच शहरातल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात विंडोज टाकायला बसलेल्या माणसाला पेनड्राइव्ह बूटच्या यादीत दिसत नाही, तेव्हाही बऱ्याचदा कारण हेच निघतं. दोन्हीकडे यंत्र धडधाकट असतं, पेनड्राइव्हही धडधाकट असतो. बिनसलेला असतो तो दोघांमधला करार. नव्यानं विंडोज टाकताना येणाऱ्या बहुतेक एरर अशाच करारभंगाच्या असतात. प्रत्येक करार कुठल्या तरी गरजेपोटी, कुठल्या तरी काळात झालेला असतो आणि तो काळ ओळखला की इलाज हाती लागतो, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी या पेनड्राइव्हचं कूळ पाहायला हवं आणि त्याची सुरुवात सुरतेतच सापडते.

सुरत-अहमदाबादचा किनखाब, म्हणजे जरीचं भारी कापड, विणला जाई तो नक्ष्यावर. कागदावरची बुट्टी नक्षाबंद आधी दोऱ्यांत बांधून घ्यायचा. कुठल्या ओळीला ताण्याचे कोणते धागे उचलायचे, याची नोंद म्हणजे उभ्या दोऱ्यांतून ओवलेले आडवे दोरे. हा नक्षा मागाच्या वरच्या दोऱ्यांना जोडला की मदतनीस एकेक आडवा दोरा ओढत जाई. तेवढे धागे वर येत आणि विणकर खालून बाणा सोडी. बांधलेल्या नक्ष्यावरून दुसऱ्या मागासाठी प्रतही काढता येई. सूचना यंत्राच्या बाहेर, वेगळ्या वस्तूत साठवायच्या आणि ती वस्तू हव्या त्या यंत्राला जोडायची, ही युक्ती इथे पूर्णपणे तयार झालेली दिसते. १८०४ साली फ्रान्समध्ये जॅकार्डनं दोऱ्यांच्या जागी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पत्ती आणली आणि दोरे ओढणारा माणूस कमी झाला. १८३०च्या दशकात बॅबेजनं हीच पत्ती आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. आज सुरतेतल्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला डिझाइन पेनड्राइव्हवरून मिळतं.

पण माग आणि संगणक यांच्यात एक फरक आहे आणि एरर तिथेच जन्माला येते. जॅकार्डची पत्ती वाचायला मागाला काही शिकावं लागत नाही; भोक असलं की धागे उचलणारा आकडा वर जातो. संगणकाला मात्र पत्ती कशी वाचायची, याचीही सूचना लागते आणि ती सूचना पुन्हा पत्तीवरच असते. हे कोडं आयबीएमनं १९५२च्या ७०१ संगणकात एका बटणानं सोडवलं. बटण दाबलं की कार्ड, टेप किंवा ड्रमवरचा अगदी छोटा तुकडा आत येई आणि तो तुकडा बाकीचं खेचून आणी. १९७५च्या अल्टेअरवर हा सुरुवातीचा तुकडा माणसाला खटके वरखाली करून भरावा लागे. १९८१च्या आयबीएम पीसीत तो बायोस म्हणून चिपमध्ये कायमचा बसला.

पुढचा करार १९८३चा, एमबीआर नावाचा. पीसीत हार्ड डिस्क आली आणि तिच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये सगळं कोंबायचं ठरलं. ४४६ बाइट प्रोग्रॅमला, ६४ बाइट विभागांच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट खुणेला. ६४ बाइटमध्ये १६-१६च्या चारच नोंदी मावतात, म्हणून मुख्य विभागही चारच. जागेचे आकडे ३२ बिटांचे, म्हणून साधारण २ टेराबाइटच्या पुढची डिस्क मोजताच येत नाही. १० मेगाबाइटच्या डिस्कसाठी बांधलेलं हे घर तीस वर्षं चाललं, याचं मला अजून नवल वाटतं. ईएफआय ही नवी व्यवस्था इंटेलनं नव्वदच्या दशकाअखेरीस आखायला घेतली आणि २००५ साली ती यूईएफआय फोरमकडे गेली. तिच्यात विभागांचा तक्ता जीपीटी पद्धतीचा. म्हणून सेटअप जेव्हा सांगतो, की या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे आणि ईएफआय मशीनवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर टाकता येते, तेव्हा डिस्कमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. पेनड्राइव्ह नव्या करारानं सुरू झालेला असतो आणि डिस्क १९८३च्या कराराला धरून बसलेली असते, एवढंच.

सर्वांत जास्त माणसं फसतात ती मात्र वेगळ्याच ठिकाणी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या, म्हणजे २०२० नंतरच्या, कित्येक लॅपटॉपवर विंडोज टाकायला घेतली की डिस्कची यादी कोरीच येते. एसएसडी मेली, असा निष्कर्ष काढून नवी विकत घेतली जाते. खरं तर एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपपाशी नसतो. ‘लोड ड्रायव्हर’ दाबून इंटेलचा ड्रायव्हर दाखवला की तीच डिस्क यादीत उभी राहते. त्या ड्रायव्हरच्या फोल्डरच्या नावात ‘एफ ६’ आणि फ्लॉपीचं आखूड रूप ‘एफएलपीवाय’ असतं, कारण विंडोज एक्सपीच्या काळात सेटअप सुरू होताच एफ ६ दाबून असा ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यावा लागे. लॅपटॉपमधून फ्लॉपी केव्हाच गेली, तरी तिच्यासाठी ठेवलेली वाट वापरात आहे. सुरतेत हे नुसतं नावापुरतं नाही. फ्लॉपीवर चालणाऱ्या जुन्या एम्ब्रॉयडरी मशीनमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्याच मापाचा एक खोका बसवतात. तो पेनड्राइव्हचे फ्लॉपीएवढे तुकडे पाडून मशीनला दाखवतो आणि मशीन ते फ्लॉपी समजूनच वाचतं.

दुकानात बसणारा माणूस म्हणेल, एवढा इतिहास कशाला? डिस्क साफ करा, फॉरमॅट मारा, दहा मिनिटांत काम होतं. होतं, हे मान्य. पण विंडोजच्या डिस्कपार्टमधली ‘क्लीन’ आज्ञा विभागांचा तक्ताच पुसून टाकते आणि त्याबरोबर टॅलीतला हिशेब, जीएसटीची बिलं, डिझाइनच्या फाइली हाताशी राहत नाहीत. व्यापाऱ्याच्या लॅपटॉपवर दहा मिनिटांच्या सोयीसाठी असा जुगार खेळू नये. भांडण फक्त एमबीआर आणि जीपीटीचं आहे हे कळलं, तर २०१७ पासून विंडोजसोबत येणारं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन डेटा न पुसता तक्ता बदलू शकतं. फक्त त्या डिस्कवर मुख्य विभाग तीनपेक्षा जास्त नसावेत. बॅकअप तरीही आधी घ्यावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नक्ष्यापासून लॅपटॉपपर्यंत ओढलेली रेघ सलग नाही; नक्षाबंदाकडून कुठल्या इंजिनिअरनं काही उचलल्याचा पुरावा नाही आणि जॅकार्ड व आजचा संगणक यांच्यातही मोठी खिंडारं आहेत. हे खरं आहे. मीही वंश सांगतो आहे तो युक्तीचा, माणसांचा नव्हे. तरी तुलना इथे उपयोगी पडते, कारण मागात जे नव्हतं ते तिच्यामुळे दिसतं. जॅकार्डच्या माळेत एक पत्ती उलटसुलट बांधली गेली तर माग थांबत नाही. तो चुकीची नक्षी प्रत्येक फेऱ्यात विणत राहतो आणि साडी खराब झाल्यावर दोष नजरेस येतो. संगणक मात्र चूक दिसताच अडतो. ‘०x८००७०५७०’ हा आकडा दाखवून सेटअप थांबतो, तेव्हा तो फाइल खराब आहे, वाचता येत नाही, असं सांगत असतो. मग विंडोजची आयएसओ फाइल पुन्हा उतरवावी, तिचा हॅश ताडून पाहावा आणि दुसरा पेनड्राइव्ह घ्यावा. अशीच दुसरी अट: ३२ बिटांच्या फॅटवर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून मोठी इन्स्टॉल फाइल तुकडे करून ठेवावी लागते. हा १९९६चा करार. यंत्र अडून बसलं म्हणून वैतागण्यापेक्षा ते कुठल्या अटीवर अडलं आहे ते वाचावं.

आता या कुळात आणखी एक पिढी येते आहे. २०१२च्या विंडोज ८ पासून सिक्युअर बूट आलं आणि बूट होणाऱ्या प्रोग्रॅमवर ओळखीची सही असावी, अशी अट पडली. त्यासाठीची मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रं २०२६च्या जूनपासून एकेक करून मुदतबाह्य व्हायला लागतात. मुदत संपली म्हणून जुना पेनड्राइव्ह त्याच दिवशी बंद पडत नाही. पण ज्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये विंडोजचं जुनं प्रमाणपत्र रद्द म्हणून नोंदवलं गेलं असेल, तिथे २०११च्या सहीचा पेनड्राइव्ह सिक्युअर बूट चालू असताना सुरू होणार नाही. त्या वेळी पोर्ट बदलून पाहणं व्यर्थ आहे. नव्या सहीची आयएसओ उतरवून पेनड्राइव्ह नव्यानं बनवावा लागेल आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकर कुलपानं बंद असेल, तर आतला डेटा वाचवायला तिची रिकव्हरी की आधी मालकाकडून लिहून घ्यावी लागेल.