चाकातले इंजिन
महायुद्धानंतरच्या इंग्लंडात मोटार थोड्यांनाच परवडे. सायकल मात्र कामगाराच्याही दारात असे. १९५० साली पेट्रोलचे रेशनिंग उठले, आणि त्याच साली ‘सायकलमास्टर’ बाजारात आला. आपल्याच सायकलीचे मागचे चाक काढून हे इंजिनवाले चाक बसवायचे! इंजिन अवघे २५.७ सी.सी.चे, पुढे ३२चे झाले.

या टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोलमध्येच तेल मिसळतात. तेच जळून धुराच्या वाटेवर काजळी धरते आणि इंजिन धापा टाकू लागते. असे जुने इंजिन दुरुस्तीला आले, की मी कार्ब्युरेटरआधी ही वाट पाहतो. काजळी खरवडावी लाकडाच्या चिपेने. लोखंडाने ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर ओरखडे उठतात. इतिहासकार कारखानदारांचे गुण गातात. मला मात्र चिपा घेऊन बसणारा तो कामगारच मोठा वाटतो. इंजिन रुसले, तर सोमवारी पायडल त्यालाच मारायचे होते.