सुलट-उलट टाके आणि विणीचे प्रकार

दोन सुयांवरच्या लोकरीच्या विणकामात मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. खरे पाहता ही एकाच टाक्याची दोन अंगे होत. सुलट टाक्यात लोकर सुईच्या मागे ठेवून नवा फास जुन्या फासातून पुढे ओढला जातो. उलट टाक्यात लोकर पुढे घेऊन फास मागे काढतात. त्यामुळे समोरून 'व्ही'सारखा दिसणारा सुलट टाका मागून पाहिल्यास आडव्या गाठीसारखा, म्हणजेच उलट दिसतो.

प्रत्येक ओळ सुलट विणल्यास गार्टर वीण तयार होते. दर ओळीला काम फिरवले जात असल्याने दोन्ही बाजूंना आडव्या सऱ्या उमटतात. वीण जाड, सपाट आणि उभी ताणली जाणारी असते. मफलरला ती उत्तम. मात्र तेवढ्याच लांबीला ओळी अधिक घालाव्या लागतात.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण म्हणजे स्टॉकिंग वीण. स्वेटरचा गुळगुळीत भाग बहुधा हिचाच असतो. तिचे उभे काठ मागे, तर वरचा-खालचा काठ पुढे वळतो. नवशिक्यांना हा आपल्या हाताचा दोष वाटतो. वस्तुतः तो विणीचाच स्वभाव आहे. साध्या टी-शर्टच्या होजियरी कापडाची वीणही हीच, म्हणूनच ते कापल्यावर कडेला गुंडाळते. या विणीच्या स्वेटरला काठाशी दुसरी वीण जोडतात ती यासाठीच.

ते काम रिब विणीचे. एक सुलट, एक उलट टाका घेत सुलटावर सुलट आणि उलटावर उलट येऊ दिल्यास उभ्या पट्ट्या पडतात. उलट टाक्यांच्या पट्ट्या आत दबतात, ताणल्यावर उघडतात. बाळाच्या स्वेटरचा गळा डोक्यातून सहज उतरतो आणि पुन्हा मानेशी बसतो, तो यामुळे. रिबवर गरम इस्त्री दाबून फिरवू नये, ताण जातो.

हाच क्रम एका टाक्याने सरकला, सुलटावर उलट आला, की साबुदाण्यासारखे दाणे उठलेली मॉस वीण होते. ती दोन्हीकडून सारखी दिसते, वळत नाही, पण रिबइतकी ताणलीही जात नाही. फसगत होते ती येथे. प्रत्येक ओळ सुलट टाक्याने सुरू करून 'एक सुलट, एक उलट' विणल्यास सम टाक्यांवर रिब आणि विषम टाक्यांवर मॉस तयार होते. एक टाका चुकून गळला वा वाढला, तर त्या ओळीपासून मनगटाच्या पट्टीची लवचिकता संपते. सुई बदलताना टाके मोजण्याचा कंटाळा अनेकींना महागात पडतो!

गोल सुईवर काम फिरवले जात नाही. तेथे सर्व फेऱ्या सुलट विणल्यास स्टॉकिंग वीणच मिळते. गार्टरसाठी एकाआड एक फेरी उलट घालावी लागते.